घरपोच स्पोर्ट्स मसाज : दोन सेवा, पाच भेटी आणि एक नकार

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने वर चढतो आणि उरलेला अर्धा त्याच रस्त्याने खाली येतो. चढावर दम लागतो, परंतु पायांची खरी वाट लागते ती उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी त्यांना शरीराचा भार पेलावा लागतो. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना जी बारीक इजा होते, तिचे दुखणे लगेच जाणवत नाही, तर चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते. गेल्या सप्टेंबरात रविवारी शर्यत पूर्ण करून मी हसतमुखाने पुण्याला परतले आणि मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीचा जिना कठडा धरून, उलट्या पावलांनी उतरले. त्याच संध्याकाळी साडेसहा वाजता एक फिजिओथेरपिस्ट बाई घडीचे टेबल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या, आणि घरपोच स्पोर्ट्स मसाज म्हणजे नेमके काय असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पहिल्यांदा असे म्हणण्याचे कारण असे की त्याआधी दोन वेळा मी याच नावाखाली पैसे मोजलेले होते.

माझे वय ४४, नोकरी बँकेत बसून करण्याची, आणि धावणे आठवड्याला चाळीस ते पन्नास किलोमीटर, बहुतेक वेताळ टेकडीवर आणि रविवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर. जुलै ते फेब्रुवारी या काळात मी दोन सेवांकडून एकूण पाच भेटी घेतल्या. पहिल्या दोन भेटी ॲपवरून नोंदणी करायच्या एका मोठ्या सेवेच्या होत्या. पुढच्या तीन भेटी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या, ज्यांचा क्रमांक मला धावणाऱ्या एका मैत्रिणीने दिला. दोघांचीही नावे मी येथे देत नाही. पहिल्या सेवेबद्दल माझी तक्रार आहे, पण ती दोन दिवसांच्या कामावरून आहे आणि तेवढ्यावरून साऱ्या सेवेला नावे ठेवणे मला बरे वाटत नाही. दुसऱ्या बाईंकडे आधीच तीन आठवड्यांची रांग आहे आणि ती आणखी वाढवण्यात माझा स्वार्थ नाही.

पहिली गोष्ट अपेक्षेची. स्पोर्ट्स मसाज म्हणजे मंद दिवे, सुगंधी तेल आणि तासाभराची गुंगी नव्हे. यात सबंध अंगाला हात लागतोच असे नाही. पाऊण ते सव्वा तासाचा सगळा वेळ केवळ पाय, नितंब आणि कंबर यांवरच जाऊ शकतो, आणि जाणे योग्यही असते. तेल नावापुरते लागते, कारण हात घसरू लागला की खोलवर दाब देता येत नाही. माझे माहेर मिरजेचे असल्याने मला हे सारे अगदीच परके वाटले नाही. तालमीत मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचे अंग रगडून देतात ते मी लहानपणी मामांबरोबर जाऊन पाहिलेले आहे, आणि रगडणाऱ्याचे डोळे त्याच्या बोटांत असावे लागतात असे मामांचे मत होते. तालमीतला रगडणारा मात्र त्या पैलवानाला रोज पाहत असतो. कोणाचा खांदा कधी निखळला आणि कोणाचा गुडघा कुरकुरतो, हे त्याला विचारावे लागत नाही. घरी येणाऱ्या थेरपिस्टला तुमच्याविषयी काहीही ठाऊक नसते, आणि ही उणीव ती कशी भरून काढते यावरच पुढचे सर्व अवलंबून राहते.

पहिल्या सेवेने ती भरून काढण्याचा प्रयत्नच केला नाही. ॲपवर पत्ता, वेळ, साठ मिनिटे की नव्वद आणि थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष, एवढेच विचारले गेले. दर साठ मिनिटांना १,४९९ रुपये होता. आलेल्या ताई वेळेवर आल्या, नीटनेटक्या होत्या, बोलायला गोड होत्या, आणि त्यांचा पहिला व शेवटचा प्रश्न, "मॅडम, प्रेशर मीडियम पाहिजे की हार्ड?" असा होता. मी आदल्याच दिवशी चोवीस किलोमीटर धावले होते आणि हार्ड म्हणण्यात मला एक प्रकारचा अभिमान वाटला. त्यांनी कोपराने माझ्या पोटऱ्या अशा काही दाबल्या की मी उशीत तोंड खुपसून आकडे मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी उजव्या पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला आणि चार दिवस मी धावणे तर सोडाच, सरळ चालूही शकत नव्हते. माझ्या सासूबाई सगळे शांतपणे पाहत होत्या. "एवढे पैसे देऊन मार खायचा असतो होय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही मी ऑगस्टमध्ये त्याच सेवेकडे पुन्हा गेले, कारण डाग पडला तो माझ्याच अट्टहासाने असे मला वाटत होते. या वेळी मी दाब हलका ठेवायला सांगितले आणि मसाज खरोखरच सुखाचा झाला. मात्र निम्मा वेळ विक्रीत गेला. पाठीला कपिंग, म्हणजे पेल्यांनी त्वचा ओढून धरण्याचा उपचार, करून घ्या, त्याने रक्त शुद्ध होते. जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या पाठीवरचे गोल डाग तुम्ही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पाहिले असतीलच. सहा भेटींचे पॅकेज घेतले तर इतके टक्के सूट. फेल्प्सच्या खांद्यावर ते डाग होते हे खरे आहे, परंतु त्याची पदके त्या डागांमुळे आली असे कोणी सिद्ध केलेले नाही. जाताना ताईंनी भरपूर पाणी पिण्याचा सल्ला दिला, कारण मसाजमुळे स्नायूंतले लॅक्टिक आम्ल आणि विषारी द्रव्ये मोकळी झाली आहेत आणि ती लघवीवाटे बाहेर पडायला हवीत.

हे वाक्य धावणाऱ्यांच्या जगात इतक्या वेळा ऐकू येते की त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. जोराच्या व्यायामात रक्तातले लॅक्टेट, म्हणजे त्या लॅक्टिक आम्लाचेच रूप, वाढते हे खरे. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकते, त्याचे इंधन करते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखते त्याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि आदल्या दिवशीच्या धावण्याचे लॅक्टिक आम्ल आज कोणाच्या कोपराने बाहेर काढायला शिल्लकच नसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मसाज दिला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाज झालेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी दिसले, परंतु लॅक्टेटच्या बाबतीत दोन पायांत फरक आढळला नाही. पाणी प्यायला हरकत काहीच नाही. मात्र जी व्यक्ती विषारी द्रव्यांची भाषा बोलते, तिला प्रशिक्षण नेमके कोठे मिळाले हे विचारण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

मसाजने वेग वाढतो काय, ताकद वाढते काय, या प्रश्नाचे उत्तरही थोडे निराश करणारे आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यासांचा आणि त्यांतील १,०१२ सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ताकद, उडी, वेगाची धाव, दमसास किंवा थकवा यांपैकी कशातही मसाजमुळे सुधारणा होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लवचिकता आणि व्यायामानंतर उशिरा येणारे दुखणे या दोन बाबतींत थोडासा फायदा मात्र दिसला. म्हणजे सातारच्या उतारानंतर जिना सरळ उतरता यावा एवढ्यासाठी पैसे देणार असाल, तर तुमची अपेक्षा वाजवी आहे. मॅरेथॉनची वेळ दहा मिनिटांनी कमी व्हावी म्हणून देणार असाल, तर तेच पैसे चांगल्या बुटांवर खर्च करावेत, किंवा रात्री तासभर लवकर झोपावे, ज्याला काहीच खर्च येत नाही.

आता त्या मंगळवारकडे येते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भेटीच्या आदल्या रात्री मला फोन केला आणि वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारले. शर्यत कोणत्या दिवशी झाली, दुखणे कोठे आहे, बसून उठताना अधिक की झोपेतही, पूर्वी हाड मोडले आहे काय, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत काय, मधुमेह, रक्तदाब, पायांवर फुगलेल्या शिरा, त्वचेचा काही विकार, लांबचा विमानप्रवास नुकताच झाला आहे काय, आणि गरोदर असण्याची शक्यता आहे काय. शेवटच्या प्रश्नावर मी हसले. त्या हसल्या नाहीत. पोटरी एकाच बाजूने सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते आणि अशी पोटरी चोळणे जिवावर बेतू शकते, हे त्यांनी मला साध्या शब्दांत सांगितले. ताप असताना, उघड्या जखमेवर, संसर्ग झालेल्या त्वचेवर, किंवा स्नायू फाटल्याला दोन-तीन दिवसही झाले नसतील तर त्या जागी त्या हात लावत नाहीत. घराविषयीही त्यांनी विचारले : लिफ्ट आहे का, तिच्यात टेबल उभे मावेल का, आणि पलंग व भिंत यांच्यामध्ये माणूस फिरू शकेल अशी मोकळी जागा कोठे आहे.

जागेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. घडीचे टेबल साधारण पंधरा किलोचे असते, उघडल्यावर माणसाच्या उंचीएवढे लांब होते, आणि थेरपिस्टला चारही बाजूंनी फिरता आले पाहिजे. आमच्या दिवाणखान्यातले मधले टेबल आणि दोन खुर्च्या स्वयंपाकघरात हलवाव्या लागल्या. पलंगावर किंवा जमिनीवर गादी टाकून करू असे जे म्हणतात त्यांना माझा सल्ला आहे की तसे करू नये; गादी दाबाबरोबर खाली दबते, मानेला आधार मिळत नाही, आणि देणाऱ्याची कंबर दहा मिनिटांत कामातून जाते. पहिल्या सेवेच्या ताईंनी टेबल आणलेच नव्हते, हे मला तेव्हा खटकायला हवे होते. चादर आणि टॉवेल बाई स्वतः आणतात. तरीही खाली जुनी चादर पसरावी, कारण तेलाचा डाग फरशीच्या सांध्यातून सहज निघत नाही. पंखा बंद करावा लागतो, सप्टेंबरात ते सुसह्य होते. दाराची घंटा आणि सोसायटीच्या गेटवरून येणारे फोन यांची जबाबदारी घरातल्या कोणावर तरी सोपवावी. माझ्या भेटीत इस्त्रीवाला, कुरिअरवाला आणि शेजारच्या काकू असे तिघे येऊन गेले, आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी दारातून, "ती आत्ता मसाज करून घेत्येय," असे मोठ्याने जाहीर केले. क्लिनिकमध्ये निदान हे टळते.

कपड्यांचा संकोच अनेकींना असतो. धावण्याची आखूड चड्डी आणि साधा टी-शर्ट पुरतो. ज्या पायावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सर्व चादरीखाली, ही पद्धत बाईंनी सबंध सव्वा तासात एकदाही मोडली नाही, आणि नितंबाच्या स्नायूंवर दाब देण्यापूर्वी तो का द्यायचा आहे हे सांगून माझी परवानगी घेतली, तीही चादरीवरूनच दाब देण्यासाठी.

टेबलावर झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे तपासणीत गेली. त्यांनी मला एका पायावर उभे केले, अर्धवट खाली बसवले, टाचा उचलायला लावल्या, पालथे झोपवून गुडघे दुमडून पाहिले. उजव्या पोटरीच्या वरच्या, फुगीर स्नायूपेक्षा त्याखालचा चपटा स्नायू अधिक आखडला आहे असे त्या म्हणाल्या आणि तो कसा ओळखतात हेही दाखवले : गुडघा सरळ ठेवून घोटा वाकवला की वरचा स्नायू ताणला जातो, गुडघा दुमडून वाकवला की खालचा. मी गेली सहा वर्षे भिंतीला हात लावून केवळ पहिलाच ताण घेत आले होते.

मसाज सुरू झाला तो लांब, हलक्या हातांनी, घोट्याकडून गुडघ्याकडे आणि गुडघ्याकडून वर. पहिली पाच-सात मिनिटे मला वाटले की एवढेच असेल तर दोन हजार रुपये फुकट गेले. नंतर त्या तळव्यांनी स्नायू उचलून, पिळून, सोडू लागल्या, कणीक मळताना आपण करतो तसे, आणि मग अंगठ्याने एकेका दुखऱ्या गाठीवर येऊन थांबल्या. शून्य ते दहा या मापात दुखणे किती ते सांगायचे, आणि ते सातच्या वर गेले तर लगेच थांबवायचे, असा आमचा करार होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुखण्याने माणूस श्वास रोखू लागला की स्नायू उलट आवळतो आणि पुढचे सगळे श्रम वाया जातात. मांडीच्या पुढच्या भागावर, जिथे उताराने सर्वांत अधिक नुकसान केले होते, तिथे त्यांनी अंगठा लावलाच नाही. दोन दिवसांपूर्वी इजा झालेल्या तंतूंना आणखी दाबून काही साधत नाही, म्हणून तिथे केवळ हलका हात फिरवला. खोलवरचे काम पोटऱ्या, मांडीची मागची बाजू आणि नितंब यांवर झाले.

मांडीच्या बाहेरच्या बाजूने कंबरेपासून गुडघ्यापर्यंत जी रुंद पट्टी जाते, तिच्यावर आमच्या धावणाऱ्या मंडळींचा विशेष राग असतो आणि ती रोलरवर लाटून काढण्याची जणू स्पर्धा चालते. बाईंनी तिला जवळजवळ स्पर्शही केला नाही. ती पट्टी स्नायू नव्हे, जाड आणि चिवट असे ऊतक आहे, ते हाताच्या दाबाने लांब होत नाही. तिला ओढून धरणारे स्नायू नितंबात आणि कंबरेच्या पुढच्या बाजूला असतात, म्हणून काम तिथे करायचे, असे त्यांनी सांगितले. तळपायाच्या कमानीवर त्यांनी शेवटची दहा मिनिटे दिली. तिथे मला खरोखर डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी जिना मी सरळ उतरले, कठड्याला हात लावून का होईना. दुखणे गेले नव्हते, पण त्याची धार गेली होती. तीन दिवसांनी मी हलके धावले आणि आठवड्याभरात पूर्ववत झाले. मसाज घेतला नसता तरी आठवड्याभरात बरेच भरून निघाले असते हे मला मान्य आहे. अशा दुखण्याची रीतच ती आहे. मधल्या दिवसांत बँकेच्या खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज निघत नव्हता, याची किंमत मात्र मला कळली.

येथपर्यंतची समीक्षा पाचपैकी पाच तारे देऊन संपवता आली असती. अडचण अशी की या सुखाने मला थोडे बिघडवले. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायचे असे मी ठरवले होते आणि त्यासाठी ऑक्टोबरात आठवड्याचे किलोमीटर घाईने वाढवले. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला ठसठसू लागले तेव्हा मी सराव कमी केला नाही, मी फोन उचलून बाईंची वेळ घेतली. दुखले की मसाज, मसाज झाला की पुन्हा धाव, असे एक चक्र माझ्या डोक्यात तयार झाले होते, आणि मला वाटते ते अनेकांच्या डोक्यात असते. मसाजने दुखण्याची जाणीव काही काळ मंदावते. दुखण्याचे कारण जिथल्या तिथे राहते.

बाई आल्या, टेबल मांडले, तपासणी सुरू केली. नडगीच्या कडेने त्यांनी वरून खालपर्यंत बोट दाबत नेले आणि एका जागी, दोन बोटांच्या रुंदीएवढ्या, मी ओरडले. त्यांनी एका पायावर उडी मारायला सांगितले. मला ती मारवली नाही. रात्री पलंगावर पडल्यावरही दुखते काय, असे त्यांनी विचारले आणि मी होय म्हणाले. त्यावर त्यांनी टेबलाची घडी घातली. नडगीच्या कडेने चार-पाच इंच लांबीभर पसरलेले दुखणे असते तर ते वेगळे, पण हाडावर एका ठिपक्यात असलेले आणि विश्रांतीतही न थांबणारे दुखणे हे हाडावरच्या ताणाचे लक्षण असू शकते. मी येथे हात लावणार नाही, तुम्ही उद्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, असे म्हणून त्यांनी केवळ येण्या-जाण्याचे तीनशे रुपये घेतले. सासूबाईंनी त्यांना, "बाई, चहा तरी घ्या," म्हणून बसवले, नाहीतर त्या दहा मिनिटांतच गेल्या असत्या.

मला राग आला होता हे कबूल केले पाहिजे. मी बँकेतून लवकर निघाले होते, खुर्च्या हलवल्या होत्या, आणि हाती काहीच लागले नव्हते. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा तो राग आणखी वाढला. अशा दुखण्यात सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही हे डॉक्टरांनी समजावले आणि एमआरआय करायला लावले. त्यात हाडाला सूज दिसली, तडा अजून गेलेला नव्हता. सहा आठवडे धावणे पूर्ण बंद झाले. जानेवारीतल्या त्या रविवारी मी पेडर रोडच्या चढावर होते खरी, पण रस्त्याच्या कडेला, हातात संत्र्यांच्या फोडींची पिशवी घेऊन.

पाच भेटींपैकी सर्वांत उपयोगी भेट मी तीच मानते, जिच्यात मसाज झाला नाही. पहिल्या सेवेच्या ताई आल्या असत्या तर त्यांनी, "मीडियम की हार्ड?" एवढे विचारून त्याच जागेवर कोपर ठेवले असते असे मला खात्रीने वाटते. यात त्या ताईंचा दोष मी फारसा मानत नाही. त्यांना दिवसाला पाच-सहा घरे करायची असतात, पुढच्या घराची वेळ ॲप त्यांच्या हातातल्या फोनवर दाखवत असते, आणि नकार दिला तर त्या तासाचे पैसे त्यांना मिळतील की नाही, ते त्यांच्या हातात नसते. नकार देण्याची मुभा ज्या कामात नाही, त्या कामात तपासणीलाही अर्थ उरत नाही.

म्हणून पात्रतेचा प्रश्न. मसाज करणाऱ्यासाठी आपल्याकडे सक्तीची पदवी नाही. आठवड्याभराच्या वर्गापासून अनेक वर्षांच्या अनुभवापर्यंत कोणीही थेरपिस्ट ही पाटी लावू शकतो. फिजिओथेरपिस्टची गोष्ट निराळी आहे. त्यांची पदवी इंटर्नशिपसह निदान साडेचार वर्षांची असते आणि महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी यांची राज्य परिषद आहे, जिच्याकडे त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नये. मी विचारला तेव्हा बाईंनी तो लगेच पाठवला, वर, "बहुतेक लोक माझा दर विचारतात," असेही म्हणाल्या. सर्वच मसाज करणारे अडाणी असतात असा माझा दावा नाही. केवळ थकलेल्या पायांसाठी, जिथे दुखापतीचा संशय नाही, चांगल्या हाताची ताई पुरेशी असते आणि स्वस्तही पडते. परंतु दुखणे एकाच बाजूला असेल, एकाच जागी असेल, किंवा आठवड्याहून जुने असेल तर फिजिओथेरपिस्टच बोलवावी. सुई टोचून स्नायू सैल करण्याचा प्रकार कोणी मसाजबरोबर देऊ केला तर तो नोंदणीकृत व्यक्तीशिवाय कोणाकडूनही घेऊ नये.

अनोळखी व्यक्तीला घरात घेण्याबद्दल दोन शब्द, कारण मैत्रिणी सर्वांत आधी तेच विचारतात. पहिल्या भेटीला घरात दुसरे कोणी असावे, आणि खोलीचे दार लोटलेले असावे, कडी लावलेली नसावी. हे दोन्ही बाजूंनी बरे असते. एकट्या स्त्रीला अनोळखी घरात जाताना किती धास्ती वाटते हे आपण पटकन विसरतो. बाई स्वतः नव्या घरी पहिल्यांदा जाताना आपल्या पतीला पत्ता कळवून ठेवतात, आणि पुरुष ग्राहकांच्या घरी पहिली भेट घेतच नाहीत, त्यांना क्लिनिकवर बोलावतात.

पैशांचा हिशेब असा आहे. बाईंचा दर पंच्याहत्तर मिनिटांना २,००० रुपये आहे. कोथरूड, एरंडवणे आणि बाणेर यांपलीकडे गेल्यास ३०० रुपये अधिक. त्यांच्याच क्लिनिकवर गेल्यास तीच सेवा १,४०० रुपयांत मिळते. म्हणजे घरपोच येण्याची किंमत सहाशे रुपये, आणि कर्वे रस्त्यावरच्या संध्याकाळच्या वाहतुकीत दुखऱ्या पायाने क्लच दाबत जाऊन, मसाजनंतर पुन्हा तसेच परत यायचे, हे टाळण्यासाठी ते सहाशे रुपये मला जड वाटले नाहीत. ज्यांच्या इमारतीत लिफ्ट नाही, घर लहान आहे किंवा घरी लहान मुले आहेत, त्यांनी मात्र क्लिनिकवरच जावे. टेबलाखाली शिरणारे दोन वर्षांचे मूल असताना कोणाचाही स्नायू सैल होत नाही. दर महिन्याला घेण्याची आवश्यकता मला वाटत नाही आणि बाईंनीही तसे कधी सुचवले नाही. पॅकेज त्यांच्याकडे नाहीच.

वेळ कधीची घ्यावी, याबद्दल त्यांचे नियम काटेकोर आहेत. शर्यतीच्या आधी खोल दाबाचा मसाज हवा असेल तर चार-पाच दिवस आधी, त्यानंतर नाही, कारण त्याने एक-दोन दिवस पाय जड राहू शकतात आणि शर्यतीच्या सकाळी ते परवडत नाही. आदल्या दिवशी घ्यायचाच असेल तर दहा-पंधरा मिनिटे, हलक्या हाताने. लांब शर्यतीनंतर त्याच संध्याकाळी कोणी कोपर लावू पाहत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. ज्यांनी पूर्वी कधीच मसाज घेतलेला नाही त्यांनी पहिला प्रयोग शर्यतीच्या आठवड्यात करू नये, नवे बूट आणि धावताना घ्यायचे नवे एनर्जी जेल यांना लागू असलेला नियम येथेही लागू आहे. मसाजनंतर दुसऱ्या दिवशी थोडे दुखरे वाटणे स्वाभाविक आहे. काळानिळा डाग पडणे स्वाभाविक नाही, मग तो मागून घेतलेला असला तरी.

फेब्रुवारीत, पुन्हा धावू लागल्यानंतर तीन आठवड्यांनी, मी बाईंची तिसरी, म्हणजे एकूण पाचवी भेट घेतली. त्यांनी आधी नडगीवरून बोट फिरवले, मला दहा वेळा एका पायावर उड्या मारायला लावल्या, आणि मगच टेबलावर झोपण्याची परवानगी दिली. या वेळी त्यांनी मसाज चाळीसच मिनिटे केला आणि उरलेला वेळ मला पोटरीच्या खालच्या स्नायूचे व्यायाम शिकवण्यात घालवला : गुडघा किंचित दुमडून, पायरीच्या कडेवर उभे राहून, सावकाश टाचा वर आणि सावकाश खाली, पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. ते व्यायाम मी इमारतीच्या जिन्यावरच करते, त्याच कठड्याला धरून. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी बाईंना स्वतःच फोन करून आपल्या गुडघ्यासाठी वेळ मागितली, आणि बाईंनी त्यांनाही आधी वीस मिनिटे प्रश्नच विचारले.